जयपूरचे तहनामे आणि कोर्टाची पायरी

२३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्यात एक चौकशी मंडळ बसले. समोर आरोपी म्हणून खुद्द मल्हारराव गायकवाड. आरोप असा की रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सोमल आणि हिऱ्याची पूड मिसळली गेली आणि त्यामागे महाराजांचा हात होता. मंडळात सहा जण होते. तीन इंग्रज : बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि मेल्व्हिल. तीन देशी : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, मूळचे देवरूखचे सर दिनकरराव राजवाडे आणि जयपूरचे महाराज सवाई रामसिंह.

पहिले दोघे मराठी मुलखाशी नाते सांगणारे, त्यामुळे आपल्याकडच्या लिखाणात त्यांची नावे हमखास येतात. रामसिंहांचे नाव बहुधा ‘आणि जयपूरचे महाराज’ एवढ्यावर आटोपते. वास्तविक त्या खोलीत सर्वांत अवघड जागी तेच बसले होते. ते तान्हे असताना, १८३५ साली, जयपूरमध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला होता आणि त्या खुनानंतरच्या खटल्याच्या छायेत त्यांचे बालपण गेले होते. इंग्रजांचा राग म्हणजे काय चीज आहे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आले होते. सरकारी साक्षीदारांत मुख्य होते ते रेसिडेन्सीतले नोकरचाकर आणि महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत. यांपैकी कित्येकांचे कबुलीजबाब मुंबईच्या पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेले. बॅलंटाइननी त्यांच्या उलटतपासणीत दाणादाण उडवली. शेवटी तीन इंग्रज म्हणाले, आरोप सिद्ध झाला. तिघे देशी सदस्य म्हणाले, झाला नाही. रामसिंहांनी तर महाराज निर्दोष असल्याचे निःसंदिग्ध मत दिले.

तीनास तीन. कुठल्याही कोर्टात अशा वेळी आरोपी सुटतो. इथे एप्रिलमध्ये जाहीरनामा निघाला, विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला गेला आणि ‘गैरवर्तन व राज्यकारभारातील अनागोंदी’ हे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवले गेले. मे महिन्यात कवळाण्याचा एक मुलगा दत्तक आला आणि सयाजीराव झाला. सयाजीरावांच्या कर्तृत्वामुळे आपण तो सारा प्रकार मनातल्या मनात माफ करून टाकला आहे. मल्हाररावांचा कारभार वाईट होता, हेही खरेच. पण प्रश्न तो नव्हता. ते मंडळ न्यायालय होते की सरकारच्या माहितीसाठी नेमलेली चौकशी? सरकारचे उत्तर तयार होते : चौकशी. न्यायालय असते तर निकाल बंधनकारक ठरतो. चौकशीचा अहवाल फाइलला लावता येतो.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण गरीब पक्षकाराला ऐकवतो. ती सर्वांत काटेकोरपणे पाळली ब्रिटिश सरकारने, संस्थानांच्या बाबतीत. मॅग्ना कार्टा, १६८९ चा हक्कनामा, हेबियस कॉर्पस, ज्यूरी, स्वतंत्र न्यायाधीश असे ब्रिटिश घटनेचे जे टप्पे आपण शाळेत पाठ केले त्यांचा सगळा अर्थ एवढाच की सत्तेला न्यायालयासमोर उभे राहावे लागते. जयपूरसारख्या संस्थानाशी वागताना दीडशे वर्षे खटपट उलटी चालली : प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचूच द्यायचे नाही. जयपूरचा इतिहास या अंगाने वाचला तर तो ब्रिटिश घटनेच्या इतिहासाचाच एक न छापलेला खंड ठरतो.

सुरुवात तहांपासून. आणि त्या तहांमागे आपण आहोत. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकरांची फौज येते आहे, या धास्तीने जयपूरच्या सवाई ईश्वरीसिंहांनी जीव दिला. पुढच्याच महिन्यात शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. त्यानंतर तुंगा, पाटण, मालपुरा अशा लढाया आणि खंडणीचा न संपणारा तगादा. मराठी इतिहासात चौथाई हा शब्द अभिमानाने येतो, जयपुरात त्याची आठवण वेगळी आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही. अशा अवस्थेत १२ डिसेंबर १८०३ रोजी सवाई जगतसिंहांनी कंपनीशी तह केला. दोनच वर्षांनी यशवंतराव होळकरांशी समेट करताना हंगामी गव्हर्नर-जनरल सर जॉर्ज बार्लोंना हे संरक्षणाचे लोढणे नको झाले आणि त्यांनी तह मोडीत काढला. जयपूरने जबाबदाऱ्या पाळल्या नाहीत, असे कारण देण्यात आले. तह करणारे लॉर्ड लेक स्वतः या निर्णयावर नाराज होते. जयपूरच्या वकिलाने दिल्लीत लेकना सुनावले की दिलेला शब्द सोयीपुढे वाकवण्याची इंग्रजांची ही पहिलीच वेळ. हे कंपनीचेच मुत्सद्दी जॉन मॅल्कम यांनी नोंदवून ठेवले आहे. वकील भला माणूस असावा. पहिलीच वेळ म्हणाला.

वकिलाला दाद मागायला जागा नव्हती. तह मोडणारा आणि तह मोडला का हे ठरवणारा एकच.

दुसरा तह २ एप्रिल १८१८ चा, दिल्लीत चार्ल्स मेटकाफ आणि सामोदचे रावळ बैरीसाल यांच्यात झालेला. पेशवाई शेवटचे श्वास घेत होती त्याच दिवसांतला. या तहाची कलमे वाचण्यासारखी आहेत. पहिले वर्ष खंडणी माफ, दुसऱ्या वर्षी चार लाख, मग दरवर्षी लाखाने वाढत सहाव्या वर्षी आठ लाख. पुढे कायम आठ लाख, आणि संस्थानचे उत्पन्न चाळीस लाखांवर गेले तर वरच्या प्रत्येक रुपयातले पाच आणे कंपनीला. खंडणी घ्यायचे मराठ्यांनी सोडले, हिशेब मात्र आधीपेक्षा नेटका झाला. ती झेपली नाही ती नाहीच : १८४२ मध्ये सेहेचाळीस लाखांची थकबाकी माफ करून खंडणी चार लाखांवर आणावी लागली.

खरा मुद्दा आठव्या कलमात आहे. महाराज आणि त्यांचे वारस आपल्या मुलखाचे पूर्ण मालक राहतील आणि ब्रिटिशांचा दिवाणी-फौजदारी अंमल संस्थानात आणला जाणार नाही, असे त्यात लिहिले आहे. कागदावर जयपूर सार्वभौम. दुसऱ्या कलमांनी परराष्ट्रव्यवहार काढून घेतला, तंट्यांचा निवाडा कंपनीकडे दिला. तरी आठवे कलम तिथेच राहिले, आणि पुढची सव्वाशे वर्षे ते न मोडता त्याला वळसा कसा घालायचा, याचाच उद्योग चालला.

पहिला मोठा वळसा १८३५ चा. सवाई जयसिंह तिसरे फेब्रुवारीत वारले, गादीवर तान्हे रामसिंह. ४ जून रोजी एजंट मेजर आल्व्हस राजवाड्यातून बाहेर पडताना त्यांच्यावर तलवारीचा वार झाला. त्यांचे सहायक मार्टिन ब्लेक हल्लेखोराची रक्ताळलेली तलवार घेऊन हत्तीवरून निघाले. शहरात आवई उठली की साहेबाने बाळराजाला मारले. जमाव मागे लागला, ब्लेक एका देवळात शिरले आणि तिथे ठार झाले. संशय पदावरून दूर झालेले संघी झूथाराम आणि त्यांच्या गोटावर. आठव्या कलमामुळे कंपनीचे कोर्ट बसवता येत नव्हते. म्हणून खटला जयपूरच्या सरदारांपुढे चालला आणि सूत्रे एजंटांच्या हाती राहिली. दिवाण अमरचंद यांना देहदंड झाला, झूथाराम चुनारच्या किल्ल्यात कैदेत गेले. नाव जयपूरच्या न्यायाचे, आणि कैदखाना कंपनीचा.

पण हाच वळसा एकदा भल्यासाठीही घातला गेला, आणि तो भाग सोडून दिला तर हा आढावा एकांगी होईल. बेंटिंकचा सतीबंदीचा रेग्युलेशन ४ डिसेंबर १८२९ चा. त्याविरुद्ध कलकत्त्याच्या सनातनी मंडळींनी थेट प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज केला. राममोहन रॉय त्या वेळी लंडनमध्येच होते. जुलै १८३२ मध्ये अर्ज फेटाळला गेला. म्हणजे सतीची चाल बंद करण्याचा प्रश्न ब्रिटिश मुलखात रीतसर युक्तिवाद होऊन सुटला. जयपूरला हा कायदा लागू नव्हता. तिथे रीजन्सी कौन्सिलचे अध्यक्ष असलेले पोलिटिकल एजंट जॉन लडलो यांनी हुकूम सोडण्याऐवजी शास्त्राचा आधार शोधला : मनूने सहगमनाची आज्ञा केलेली नाही, मग न जाणे हे पाप कसे? धर्माधिकाऱ्यांची संमती मिळवली, मग सरदारांची. २३ ऑगस्ट १८४६ रोजी जयपूरच्या कौन्सिलने सती हा दंडनीय गुन्हा ठरवला. ते वर्ष सरायच्या आत राजपुतान्यातल्या अठरापैकी अकरा संस्थानांनी जयपूरचे अनुकरण केले. वादविवाद, पुरावा, पटवणे हे सगळे यात होते. नव्हती ती फक्त ज्या बायकांचा प्रश्न होता त्यांच्यापैकी एकही.

आणि कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. ४ सप्टेंबर १९८७ रोजी, जुन्या जयपूर संस्थानाच्या अमलाखालच्या सीकर भागातल्या देवराळ्यात रूपकंवर पतीच्या चितेवर जळाली. राजस्थानने वटहुकूम काढला, केंद्राने कायदा केला. सतीच्या उदात्तीकरणाच्या आरोपातले शेवटचे आठ जण जयपूरच्या विशेष न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, सदतीस वर्षांनी, निर्दोष सोडले.

आता आठव्या कलमापासून थोडे दूर, तंजावरला जावे लागेल. कारण कोर्टाचे दार कायमचे लावून घेणारा निकाल तिथल्या एका मराठी बाईंच्या दाव्यात लागला. तंजावरचे शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले. कंपनीने राज्य खालसा केलेच, पण वाड्यावर पहारे बसवून खासगी जडजवाहीर आणि जमीनजुमलाही ताब्यात घेतला. राणी कामाक्षीबाई साहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे : कंपनीविरुद्ध एक विधवा राणी कंपनीच्याच शहरातल्या इंग्लंडच्या राणीच्या कोर्टात जिंकली. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. म्हणणे असे की हे राजसत्तेचे कृत्य होते. ते न्याय्य की अन्याय्य, हे पाहण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही. पुढे सरकारने बरीचशी खासगी मालमत्ता परत केली, पण मेहेरबानी म्हणून. हक्क आणि मेहेरबानी यांच्यातले अंतर मोजायचे तर हे प्रकरण पुरेसे आहे. साताऱ्याच्या रंगो बापूजींनी चौदा वर्षे लंडनमध्ये घासली ती कंपनीच्या संचालकांच्या आणि पार्लमेंटच्या दारात; त्यांनाही कुठलेच कोर्ट उपलब्ध नव्हते.

१८५७ नंतर सूर बदलला. व्हिक्टोरिया राणीच्या १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने तह पाळण्याचे वचन दिले, १८६२ मध्ये कॅनिंगनी दत्तकाच्या सनदा दिल्या, जयपूरलाही. वारसाअभावी खालसा होण्याची भीती गेली आणि तिच्याबरोबर संस्थानिकांचा ताठाही गेला. रामसिंहांचे दत्तकपुत्र माधोसिंह १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला निघाले ते चौदा हजार चांदीची नाणी वितळवून केलेल्या प्रचंड रांजणांत गंगाजल भरून. ते रांजण सिटी पॅलेसमध्ये आजही आहेत आणि सगळे प्रवासी त्यांच्यापुढे फोटो काढतात. परदेशगमनाचा दोष टाळण्यासाठी एवढी तजवीज करणाऱ्या राजाने तहाच्या आठव्या कलमासाठी कधी एवढी हौस दाखवली नाही.

दरम्यान वळसे घालण्याचे शास्त्रच तयार झाले होते. मणिपूरमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हत्येच्या प्रकरणानंतर २१ ऑगस्ट १८९१ च्या गॅझेटमध्ये सरकारने स्पष्ट लिहिले की देशी संस्थानांशी असलेल्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू होत नाहीत. कोल्हापूरला पोलिटिकल एजंट राहिलेले विल्यम ली-वॉर्नर यांनी १८९४ च्या आपल्या पुस्तकात मांडणी केली की संस्थानांचे हक्क नुसत्या तहांतून कळत नाहीत, रूढी आणि वहिवाटही पाहावी लागते. ब्रिटिश घटना अलिखित आहे, याचे आपण कौतुक करतो. इथे त्याच अलिखितपणाचा उपयोग असा झाला की लिहिलेले कलम एका बाजूला आणि एजंटांची वहिवाट दुसऱ्या बाजूला, व वहिवाट काय हे एजंटाचे दप्तर सांगणार. दप्तर गुप्त.

कधीमधी एखादे प्रकरण निसटून कोर्टात जाई आणि तेव्हा गंमत होई. रेल्वेच्या जमिनीवरचा अधिकार संस्थानांनी ब्रिटिशांना दिलेला असे. १८९७ मध्ये हैदराबादच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिल म्हणाले की रेल्वेपुरता दिलेला अधिकार रेल्वेपुरताच. बाहेरच्या गुन्ह्यासाठी तिथे माणूस पकडता येणार नाही. आणि १९१२ मध्ये लंडनच्या एका घटस्फोटाच्या दाव्यात सयाजीराव गायकवाडांना ओढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा इंडिया ऑफिसच्या दाखल्यावरून कोर्टाने त्यांना वगळले : ते राज्यकर्ते आहेत, त्यांच्यावर दावा चालणार नाही. बडोद्यात मल्हाररावांना ज्या सार्वभौमत्वाने वाचवले नाही त्याने सयाजीरावांना लंडनमध्ये वाचवले.

बडोद्याची फजिती सरकार विसरले नाही. १९२० मध्ये ठराव झाला की संस्थानिकाला काढण्यापूर्वी चौकशी आयोगाची संधी द्यावी. इंदूर दरबाराकडे बोट दाखवणाऱ्या, मलबार हिलवरच्या बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांपुढे हा पर्याय ठेवला गेला आणि त्यांनी आयोगापेक्षा गादी सोडणे पसंत केले. म्हणजे पायरी चढायला दुसरी बाजूही फारशी उत्सुक नव्हती. संस्थानिकांची तक्रार खरी असली तरी त्यांच्या बाजूने फार हळवे व्हायचे कारण नाही. आपल्या राज्यात प्रजेला आपल्याविरुद्ध दाद मागता यावी, असे त्यांच्यातल्या फार थोड्यांना वाटले.

सार्वभौम सत्तेच्या मर्यादा ठरवून द्या, ही शेवटची मोठी मागणी त्यांनी केली ती संस्थानांशी असलेले संबंध तपासायला नेमलेल्या बटलर समितीपुढे. समितीतला एक सदस्य होता विल्यम होल्ड्सवर्थ, इंग्लिश कायद्याचा बहुखंडी इतिहास लिहिणारा ऑक्सफर्डचा प्राध्यापक. कायद्याच्या राज्याची कहाणी ज्याने आयुष्यभर लिहिली त्याच्या सहीच्या १९२९ च्या अहवालात सार्वभौम सत्तेची व्याख्या करायचे टाळले आहे. सार्वभौम सत्ता सार्वभौम राहिलीच पाहिजे, एवढेच म्हटले आहे. यापेक्षा प्रामाणिक वाक्य मला त्या सगळ्या कागदपत्रांत सापडत नाही.

प्रजेच्या बाजूने दाद मागण्याचा प्रश्न विचारला वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी. जन्म सीकरजवळच्या काशी का बास गावचा, म्हणजे मूळचे जयपूरचेच प्रजाजन. ते जयपूर प्रजामंडळाचे अध्यक्ष. दुष्काळात मदतीला निघालेल्या जमनालालजींना ३० डिसेंबर १९३८ रोजी सवाई माधोपूर स्टेशनावर प्रवेशबंदीची नोटीस देऊन अडवण्यात आले. संस्थानचे पंतप्रधान होते सर बोशँप सेंट जॉन, इंग्रज. फेब्रुवारी १९३९ मध्ये जमनालालजी पुन्हा आले. पोलिसांनी त्यांना गाडीत घालून हद्दीबाहेर सोडले. ते परत आले. अखेर स्थानबद्ध झाले आणि ऑगस्टपर्यंत राहिले. खटला नाही. नागपूरला किंवा मुंबईला असा माणूस निदान हेबियस कॉर्पसचा अर्ज करू शकला असता. जयपुरात ती रिट चालत नव्हती, कारण ब्रिटिशांचा अंमल संस्थानात आणायचा नाही असे आठवे कलम सांगत होते. कलम आता उपयोगी पडत होते. पंतप्रधान इंग्रज असेल तर जबाबदारी सार्वभौम सत्तेचीच, हे गांधीजींनी ‘हरिजन’मधून निक्षून सांगितले.

१९४७ च्या स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने सारे तह आणि सार्वभौम सत्ता एका वाक्यात संपली. जयपूरने १२ ऑगस्टला सामीलनाम्यावर सही केली, ३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेलांनी जयपुरातच बृहद् राजस्थानचे उद्घाटन केले, सवाई मानसिंह राजप्रमुख झाले, तनखा वर्षाला अठरा लाख ठरला. आणि राज्यघटनेत एक कलम आले, ३६३ : संस्थानांशी झालेल्या जुन्या तहांतून, करारांतून निघणारे वाद कुठल्याही न्यायालयात चालणार नाहीत. ज्यांनी वसाहतशाहीविरुद्ध लढा दिला त्यांनी तिची ही एक युक्ती जपून ठेवली. पाचशेहून अधिक संस्थानांचे करार एकेक करून कोर्टात लढवले गेले असते तर देश उभा राहता ना, हे मला पटते. पण युक्ती तीच, हेही खरे.

तनख्यांच्या वेळी ती अपुरी पडली. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करणारे विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत एका मताच्याही आतल्या फरकाने पडले. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. मानसिंह तोवर हयात नव्हते. जूनमध्ये इंग्लंडात पोलो खेळताना त्यांचे निधन झाले होते. माधवराव शिंद्यांच्या याचिकेवर, नानी पालखीवालांच्या युक्तिवादानंतर, सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबरला बहुमताने आदेश रद्द केला. कलम ३६३ ची भिंत इथे आडवी येत नाही आणि राजसत्तेचे कृत्य म्हणून सरकारला आपल्याच नागरिकाविरुद्ध हात वर करता येत नाहीत, असा त्याचा रोख होता. कामाक्षीबाईंना १८५९ मध्ये जे ऐकायचे होते ते हे. वर्षभरात सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले, रीतसर, संसदेतून. कुरुंदवाडच्या रघुनाथरावांनी तिला दिलेले आव्हान १९९३ मध्ये फेटाळले गेले. मला हा शेवट योग्य वाटतो. तनखे जायलाच हवे होते, पण आदेशाच्या कागदाने नव्हे.

भिंत मात्र शिल्लक आहे. जयपूरचा जुना टाउन हॉल, जिथे पूर्वी विधानसभा भरत असे, १९४९ च्या करारात सरकारी वापरासाठी दिला गेला होता. विधानसभा ज्योतीनगरला गेली. आता सरकारी वापर संपला, तेव्हा वास्तू परत द्या, असे राजघराण्याचे म्हणणे. एप्रिल २०२५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ठरवले की कलम ३६३ मुळे दिवाणी न्यायालयाला हा दावा ऐकताच येत नाही. जूनमध्ये राजघराणे सर्वोच्च न्यायालयात गेले. असे म्हणत गेलात तर सारे जयपूरच तुमचे होईल, अशा अर्थाचा प्रश्न न्यायमूर्तींनी त्यांना विचारला, आणि राज्य सरकारला नोटीस काढली.